जिन्यातली वायर

आमचे हे जन्माचे भित्रे. पाल दिसली की मला हाक मारणार, साहेब दिसले की भिंतीला चिकटून चालणार. इस्पितळातल्या कॉम्प्युटरच्या वायरी सांभाळायची नोकरी धरली तीसुद्धा अशासाठी की वायरी अंगावर ओरडत नाहीत.

नवं स्कॅन मशीन आलं तेव्हा मात्र हे एकदाच हट्टाला पेटले. साहेबांना भिंती कोऱ्या हव्या होत्या, सगळं बिनतारी करा म्हणाले. हे चाचरत म्हणाले, "साहेब, मेंदूच्या एका स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असतात. तळमजल्यावरून वर ऑपरेशनच्या खोलीत ती झटकन पोचायला हवीत. वायरच घालू या." साहेबांनी ऐकलं. त्या दिवशी हे चक्क शीळ घालत घरी आले.

पण स्वागतकक्षाच्या टेबलाखाली सगळ्या वायरी जोडणारं एक जुनं, मंद खोकं तसंच राहिलं होतं. साहेब म्हणाले होते, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" ह्यांनी मान डोलावली. बोटाचा एक्स-रे, म्हणजे एकच चित्र, पाठवून पाहिला, तो चुटकीसरशी वर गेला. झालं, गप्प बसले.

मग एक दिवस सासूबाई न्हाणीघरात पडल्या. माझं नि त्यांचं कधी पटलं नाही, पण त्यांचा लुळा पडलेला हात पाहून मी धावतच त्यांना ह्यांच्या इस्पितळात आणलं. स्कॅन झालं. डोक्यात रक्त साकळलं होतं. वर नेऊन त्यांना भूल दिली, डॉक्टर हातमोजे चढवून उभे राहिले, आम्ही दोघं उघड्या दारातून पाहत होतो, आणि पडद्यावर चित्रं येईनात. एक यायचं, की पुढचं अडायचं. कापायचं नेमकं कुठे?

"ते खोकं!" ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला माहीत होतं गं."

"मग बोलला का नाहीत?" मी किंचाळले.

"भीती वाटली."

असा संताप आला मला! पण हे केव्हाच पळत सुटले होते. कोठीतून वायरीचं भेंडोळं काढलं, एक टोक स्कॅनच्या कॉम्प्युटरला खोचलं आणि वायर सोडत जिना चढू लागले. मध्येच साहेब आडवे आले. "अहो, हे काय चालवलंय?"

"बाजूला व्हा!" हे ओरडले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. साहेब भिंतीला चिकटले.

दुसरं टोक ह्यांनी वरच्या कॉम्प्युटरला खोचलं आणि पडद्यावर चित्रं भराभर उतरली. खोलीचं दार लागलं, ऑपरेशन चालू असल्याचा लाल दिवा वर पेटला.

मी जिन्यात आले तर हे अर्ध्या वाटेवर उभे. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून वायर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली.

"अहो, चित्रं पोचली. सोडा आता."

"पुन्हा मागितली तर?"

"हात भरून आले असतील. बसा जरा."

"आई बाहेर येऊ दे."

मला ह्यांना चांगलं झोंबेल असं काहीतरी बोलायचं होतं. पण मी त्यांच्या शेजारच्या पायरीवर उभी राहिले आणि वायरीला हात लावला. वरचा दिवा अजून लालच होता.