लॉक कुणाच्या नावावर

ठाण्याच्या कोर्टाबाहेर मी सहा वर्षं टाइपरायटर बडवला. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, खरेदीखतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सगळे संगणकावर जायला लागले, तेव्हा मीही वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत तळमजल्याच्या खोलीत एक संगणक मांडला. तो जुना होता. डोंबिवलीच्या एका छापखानेवाल्या काकांची नजर अधू झालेली, म्हणून त्यांनी धंदा बंद करून तो मला विकला. सोबत मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरही. काकांनी ते कंपनीकडून रीतसर घेतलेलं. फ्लॉप्यांचा डबा, जाडजूड पुस्तक आणि संगणकाच्या पाठीमागे खोचायचा काडेपेटीएवढा एक तुकडा. त्याला सगळे लॉक म्हणत. तो नसला की सॉफ्टवेअर उघडतच नसे. काकांनी स्वतःजवळ एक फ्लॉपीसुद्धा ठेवली नाही. विक्रीच्या कागदावर सही करून म्हणाले, "आता हे तुझं, पोरी. चांगली अक्षरं काढ."

आठ महिने मी काढली. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, आमच्या कॉलनीच्या जयंतीची पत्रकं. मग एका सकाळी पडद्यावर ओळ आली, लॉक सापडत नाही. तुकडा काढून पुसून दहा वेळा लावला. तो मेलेला होता.

नौपाड्यात कंपनीचा एजंट बसायचा. त्याने लॉकवरचा नंबर वाचला आणि वही उघडली.

"मॅडम, हे डोंबिवलीच्या प्रेसच्या नावावर आहे."

"मी त्यांच्याकडून विकत घेतलंय."

"असं विकता येत नाही. सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं होत नसतं. वापरायचा परवाना मिळतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. तुम्हाला नवीन घ्यावं लागेल."

कंपनीने काकांना दिलेली मूळ पावती मी पुढे केली. त्यावर स्वच्छ 'विक्री' लिहिलेलं. त्याने परवान्याच्या अटींचा, इंग्रजीत छापलेला एक कागद काढला. मी तो उभ्याउभ्या वाचला. माझं इंग्रजी बोलताना अडतं, पण करारनामे मी हजारोंनी टाइप केलेले.

"यावर काकांची सही कुठंय?"

"सही लागत नाही. फ्लॉप्यांचं पाकीट फोडलं की मान्य केलं असं धरतात."

"कागद पाकिटात. फोडल्याशिवाय वाचायचा कसा?"

तो हसला. "मॅडम, तुम्ही वकील आहात का?"

"टायपिस्ट. वकिलांच्या चुका सुधारते."

मग त्याने आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "एक करा. काकांकडून चिठ्ठी आणा, की संगणक अजून त्यांचाच आहे आणि तुम्ही त्यांच्याकडे नोकरीला आहात. मी गुपचूप बदलून देतो."

मी लॉक उचलला आणि बाहेर पडले. स्वतःची खोली मांडल्यावर पुन्हा कुणाची नोकर म्हणून लिहून द्यायचं, तेही खोटं? रिक्षात बसले तरी कान तापलेलेच होते.

घरी भाऊ म्हणाला, "अगं, शहाडला एक जण लॉक तोडून देतो. लॉकशिवाय चालतं मग. सगळे तेच करतात."

"मी पैसे मोजून घेतलंय. चोरी केली नाही, मग चोरासारखं कशाला वापरू?"

"मग बस टाइपरायटरवर."

बसले. जयंतीची पत्रकं त्या वर्षी दुसऱ्याने केली, आणि ते मला फार लागलं. पण त्याच टाइपरायटरवर मी ग्राहक मंचाची तक्रार टाइप केली. स्वतःची, स्वतःच्या नावाने.

पहिल्या तारखेला कंपनीचा वकील आलाच नाही. दुसऱ्या तारखेला आला आणि म्हणाला, या बाई आमच्या ग्राहकच नाहीत. तिसऱ्या तारखेला मी काकांना डोंबिवलीहून घेऊन आले. त्यांना आता जिन्याच्या पायऱ्याही दिसत नव्हत्या. माझा दंड धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, परवाना माझ्या नावावर आहे म्हणतात. मला अक्षर दिसत नाही. मी त्याचं काय करू, ते यांनी सांगावं."

वकिलाने पुढची तारीख मागितली.

त्या तारखेला निकाल लागलाच नाही. एजंट नवा लॉक आणि कंपनीचं पत्र घेऊन आला. 'विशेष बाब म्हणून' परवाना माझ्या नावावर केलेला. तक्रार मागे घ्यायची, एवढंच.

"यात विशेष काय?" मी विचारलं. "घेतलेली वस्तू माझीच होती."

"मॅडम, घ्या ना आता."

घेतलं. काम अडलेलं होतं, खोटं कशाला सांगू? पण पोच देताना सहीच्या वर मी लिहिलं, 'मेहरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून स्वीकारले.' एजंट म्हणाला, असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, नसेल. कागद त्याच्याकडे सरकवला.

याही तारखेला सोबत आलेल्या काकांनी बाहेर आल्यावर विचारलं, "जिंकलो का गं?"

"अर्धं. आपल्यापुरतं."

पुढे कल्याणचे दोघे असेच जुनं सॉफ्टवेअर घेऊन अडकलेले माझ्याकडे आले. दोघांच्याही तक्रारी मी टाइप करून दिल्या. एकाचं काम झालं. दुसरा दोन तारखांना कंटाळला आणि शहाडला गेला. त्याला मी दोष देत नाही. पण पाकिटातला कंपनीचा तो कागद मला आजही मान्य नाही.