जावयाच्या मापाचं घड्याळ

आमच्याकडे मुलीसाठी घेतलेली कोणतीही महागाची वस्तू मुळात जावयासाठी घेतलेली असते. मुलीनं ती तोवर जपून ठेवायची. शेजारच्यांनी मुलीला शाळेत जायला सायकल घेतली, तीही दांडीची. मुलीला तिच्यावर धड टांग टाकता येईना, पण पुढे जावई ऐटीत चालवील म्हणून घरचे खूश होते. तेव्हा माझ्या घड्याळाच्या बाबतीत माझ्या माणसांनी जगावेगळं काही केलं असं मी म्हणणार नाही. फक्त त्या वेळी जावई अजून कुठेच नव्हता, एवढंच.

विदर्भ महाराष्ट्रात येऊन थोडे दिवस झाले होते. मी नर्सचं शिक्षण पुरं करून दारव्ह्याच्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. वडील तिथेच कचेरीत कारकून. पहिल्याच दिवशी आमच्या मोठ्या नर्सबाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, नाडी काय अंदाजानं मोजणार? वॉर्डाच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं, पण त्याला सेकंदकाटाच नव्हता. घड्याळ येईपर्यंत बाईंनी मला बिछाने घालायला आणि सुया उकळायला लावलं. इतकी वर्षं शिकून मी मोलकरणीचं काम करत होते आणि माझ्यामागून आलेली एक मुलगी बाळंतिणीच्या खोलीत उभी राहत होती, कारण तिच्या मनगटावर भावाचं जुनं घड्याळ होतं. मला तिचा फार राग यायचा.

घड्याळ कसं हवं तेही बाईंनी सांगून ठेवलं होतं. सेकंदकाटा मधला आणि लांब पाहिजे, खालच्या चिमुकल्या गोलात फिरणारा नको. तबकडी पांढरी, आकडे ठळक, कंदिलाच्या उजेडात दिसतील असे. बाकी सोन्याचा मुलामा वगैरे सगळं लग्नात मिरवायला. मी पगारातून शंभराच्या आतलं घड्याळ येईल इतकं बाजूला ठेवलं आणि एका संध्याकाळी घरात विषय काढला. तिथेच चुकलं. त्या संध्याकाळपासून ते घड्याळ माझं राहिलं नाही.

वडिलांनी ताबडतोब मामांना निरोप धाडला. मामांना घड्याळातलं कळतं असा आमच्या घरात समज होता, कारण मामांच्या मनगटावर घड्याळ होतं. ते कित्येक वर्षांपासून बंद होतं, ही गोष्ट कोणी मनावर घेत नसे. कोणी वेळ विचारली की मामा आधी हळूच उन्हाकडे पाहत, मग गंभीरपणे घड्याळाकडे पाहत आणि मग वेळ सांगत. ती बहुतेक बरोबर असे. श्रेय घड्याळाला जाई.

मामांनी येताच पहिला ठराव मांडला की घड्याळ बायकी घ्यायचं नाही. एवढासा बटणासारखा डबा पोरीच्या हातात शोभला तरी उद्या जावयाच्या हातात दिसणार कसा? वडिलांना हे एकदम पटलं. मग दोघांनी जावयाविषयी बोलायला सुरुवात केली. जावई सरकारी नोकर असावा, म्हणजे घड्याळाला शोभा. बाहेरगावी फिरतीवर असला तर अंधारात चमकणारे काटे बरे. मामा म्हणाले, घड्याळात सतरा माणकं असतात, अडीअडचणीला ती काढून विकता येतात. वडिलांनी विचारलं, एकवीस माणकांचं मिळेल काय. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात, तसं चाललं होतं. मी सेकंदकाट्याचं सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, तो काय, सगळ्यांनाच असतो. आई तेवढा वेळ चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

यवतमाळला आम्ही तिघं छोट्या रुळांच्या आगगाडीनं गेलो. बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात एक पिकल्या दाढीचे मियाँसाहेब बसत. त्यांनी चहा मागवला आणि घड्याळ कोणासाठी म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "जावयासाठी." मियाँसाहेबांनी माझ्या रिकाम्या गळ्याकडे एकदा पाहिलं आणि तीन घड्याळं काढून काचेवर ठेवली. एक सोनेरी, खालच्या गोलात मुंगीएवढा सेकंदकाटा. दुसरं काळ्या तबकडीचं. तिसरं साधं पोलादी, पांढऱ्या तबकडीचं, मधला सेकंदकाटा लांबच लांब, लाल टोकाचा. बाईंनी सांगितलं होतं तसंच. किंमत तिन्हींची थोडीफार सारखी. मामांनी सोनेरी उचललं आणि मनगटावर धरून हात लांब केला.

खरं सांगायचं तर मला तिथेच रडू येत होतं. मी पोलादी घड्याळाकडे बोट केलं, तर मामा म्हणाले, थे तं दवाखान्यातल्या भांड्यासारखं दिसते. मग त्यांना स्वतःलाच काही सुचलं. नुसतं रूप पाहून भुलायचं नाही, भरवशाचं कोणतं ते पारखून घ्यायचं, असं त्यांनी जाहीर केलं. पारख म्हणजे काय, तर जिनाचा भोंगा.

कापसाचा हंगाम चालू होता. आमच्या मुलखात हंगामात वेळ म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचा भोंगा. त्यावर शाळा भरे, कचेरी सुटे आणि भाकरी तव्यावर पडे. जिनवाल्यांनी तो कधी वाजवावा हे जिनवाल्यांच्या मर्जीवर होतं, पण मामांचा त्यांच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. आता दुपारच्या सुटीचा भोंगा होईल, त्या क्षणी ज्या घड्याळात बरोबर बारा वाजलेले असतील ते भरवशाचं, ते घ्यायचं. वडिलांनी मान डोलावली. दुकानात मांडलेल्या घड्याळाचे काटे कोणीही पिरगाळून कुठेही नेऊ शकतो, हे त्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मियाँसाहेबांच्या तर आलंच असणार, पण गिऱ्हाईक स्वतःच्या अकलेनं खड्ड्यात उतरत असेल तर दुकानदारानं मधे का पडावं? ते फक्त म्हणाले, "वा, साहेब. असी पारख कोनी करत नाही."

भोंगा झाला. तो काही पटकन संपत नाही, गाईसारखा हंबरत राहतो. मामा दुकानाच्या पायरीवर जाऊन डोळे मिटून, हात वर करून उभे राहिले. वडील त्यांच्या शेजारी. दोघांच्या पाठी आमच्याकडे. मी पोलादी घड्याळावर बोट ठेवलं आणि मियाँसाहेबांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मग नखानं त्याची चावी ओढली, दोन वेढे दिले, काटे बारावर आणले, चावी दाबली आणि घड्याळ होतं तिथे ठेवून दिलं. एवढं करून ते पान लावायला बसले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मामा परत आले. सोनेरी घड्याळ मागे पडलेलं, काळं पुढे पळालेलं आणि पोलादी बारावर उभं. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच आजवर सोनेरीचा हट्ट धरून बसले होते. "पाह्यलं? दिसण्यावर जाऊ नये मानसानं," ते म्हणाले.

पट्ट्याचं माप मात्र मामांच्या मनगटावर घेतलं. मामांचं मनगट पायलीभर ज्वारी दळणाऱ्याचं. मी म्हटलं, निदान एक भोक माझ्यापुरतं पाडून घ्या, तर म्हणाले, पट्टा खराब होईल, आणि जावई काही काडीपैलवान असणार नाही. परतताना दारव्ह्याच्या ठेसनावरचं घड्याळ आणि आमचं घड्याळ जुळेना, तेव्हा ठेसनाचं घड्याळ बिघडलं आहे असं मामांनी ठेसनमास्तरांना तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या रेडिओवरून वेळ लावली. घरी येऊन चुलीत दाभण तापवलं आणि पट्ट्याला आत खोल एक भोक पाडलं. त्याच आठवड्यात बाईंनी मला बाळंतिणीच्या खोलीत घेतलं. मूल बाहेर आलं की आधी घड्याळ पाहायचं, मग आई. मी जन्मवेळा सांगायला लागले. बाया घरी जाताना त्या वेळा पदराच्या गाठीसारख्या जपून नेत, ज्योतिषाला द्यायला.

घरी मात्र मला ते घालायला बंदी होती. कामावरून आलं की घड्याळ रुमालात गुंडाळून डब्यात. मामा येत तेव्हा डबा उघडून काच उजेडात धरून तपासत, ओरखडा तर नाही ना. तिजोरीतल्या अमानतीची पाहणी करावी तशी. भोक त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

शेवटी जावई सापडला. निदान उमेदवार सापडला. बाभुळगावच्या पतपेढीत हिशेब लिहायला होता. तो आणि त्याचे वडील मला पाहायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले तर पानाच्या तबकात, सुपारी आणि अडकित्त्याच्या मधे, माझं घड्याळ. मामांनी मांडून ठेवलं होतं. घड्याळ कसं भोंग्याला लावून पारखलं ते सांगणं चालू होतं. पोरानं ते उचललं आणि बांधलं. त्याचं मनगट एवढं बारीक की पट्टा आवळत आवळत नेमका मी पाडलेल्या भोकावर जाऊन बसला. मामांचा आनंद गगनात मावेना. ते म्हणाले, जसं काही यांच्याच मापाचं होतं. आयत्या बिळावर नागोबा कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तो हात हलवून काटा पाहत होता आणि माझ्याकडे अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

माझ्या नोकरीचं निघालं तेव्हा त्याच्या वडिलांनी सांगून टाकलं की लग्नानंतर ती सोडावी लागेल, घरातल्या बाईनं लोकांची बाळंतपणं करत फिरणं त्यांच्यात चालत नाही. आमच्या वडिलांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण नाही नव्हतं.

"मग तिले घड्याळ कायले पाहिजे," पोराचे वडील हसत म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी मला विचारलं, "काय शिकवते वं तुमच्या दवाखान्यात?"

"नाडी पाहायला," मी म्हटलं.

त्यांना गंमत वाटली. पोरालाही वाटली. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "पाहा."

"घड्याळ काढून द्या आधी," मी म्हटलं. "मोजणाऱ्याजवळ लागते थे."

पेशंटला सांगतो त्याच आवाजात सांगितलं असावं. त्यानं मुकाट्यानं काढून दिलं. मी त्याचं मनगट धरलं आणि मोजायला लागले. परक्या मुलीनं परक्या मुलाचा हात धरलेला त्या बैठकीत कोणी पाहिला नव्हता. नाडी धडधडत पळत होती. मोजून झाल्यावर मी सांगितलं की जरा जास्त आहे, भिण्यासारखं काही नाही, पाणी प्या. मग घड्याळ माझ्या मनगटावर मीच पाडलेल्या भोकावर बांधलं, कप उचलले आणि आत गेले.

पाहुणे पान न खाता उठले. त्यांची पाठ फिरताच वडिलांनी आणि मामांनी मला मधे उभं केलं. घराची अब्रू गेली. आता बाभुळगावपासून राळेगावपर्यंत पोरगी हात धरते म्हणून बोभाटा होईल. नोकरीच सोडून द्यावी. घड्याळ आधी काढून दे, डब्यात ठेव, कोणाच्या तरी नशिबात असेल तो नेईल. मामांनी हात पुढे केला. मी काढलं नाही, पण अजून थोडा वेळ ते बोलत राहिले असते तर मी काढून दिलं असतं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मनगट पुढे केलं.

"माही नाडी पाय," ती म्हणाली.

मामा काहीतरी बोलत होते. मी त्यांना म्हटलं, मोजताना बोलू नका, चुकते. ते थांबले. वडीलही थांबले. मी आईच्या मनगटावर बोटं ठेवली. चुलीनं भाजल्याचे डाग होते, त्यांच्या खाली नाडी शोधायला जरा वेळ लागला. ज्या बाईनं मला वाढवलं तिची नाडी मी तोवर एकदाही पाहिली नव्हती. अर्ध्या मिनिटाची मोजून दुप्पट केली तरी चालतं. मी पूर्ण मिनिट घेतलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. तितका वेळ आमच्या घरात दोन्ही पुरुष गप्प उभे होते. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं.

"बरी हाये?" आईनं विचारलं.

बरी आहे म्हटलं. तिनं हात काढून घेतला, जमिनीला रेटा देऊन उठली आणि भावाकडे न पाहता म्हणाली, "घड्याळ तिच्याच हातात राहू दे, दादा. तुमच्यापाशी हाये एक."