दादांची नजर आणि पितळी चकती

परभणीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत एक कडक कायदा होता. कॅमेऱ्याला दादांशिवाय कुणी डोळा लावायचा नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी कॉलेज सांभाळून डार्करूममध्ये फोटो धुवायचे, वऱ्हाडाला दमात घेऊन रांगेत उभं करायचे. पण कॅमेऱ्यातून बघते म्हटलं की दादांच्या कपाळाला आठ्या.

जुन्या कॅमेऱ्याचं शटर कायमचं बसलं, तेव्हा मामांनी हैदराबादहून नवी बॉडी आणून दिली. तिच्याबरोबर तिची लेन्सही आली होती. दादांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि खणात टाकली. "आपलं जुनं भिंगच बसवायचं हिच्यावर," ते म्हणाले.

पंचाईत अशी, की जुन्या लेन्सला आटे होते आणि नव्या बॉडीला खाचा. दोघींचं काही केल्या जमेना. हट्टाला पेटलेल्या दादांनी लेथवाल्याकडून एक पितळी चकती करून घेतली. बाहेरून खाचांत बसणारी, आतून आटे असलेली. झालं, दोघी एकत्र नांदायला लागल्या. पासपोर्ट फोटो तर असे आले की मिशीचा केस न् केस दिसावा. दादा गल्लीभर मिरवून आले.

मग एका लग्नाचे फोटो धुतले. जवळून काढलेले नवरा-नवरी लख्ख, मांडव मात्र सगळा धुक्यात. पुढच्या लग्नातही तेच. विचारलं तर दादा माझ्यावरच खेकसले, "तुझं पाणी खराब असंल!" डार्करूमच्या माझ्या पाण्याला नाव ठेवलं म्हणून मी फुगून बसले.

पण एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "मला लांबचं दिसंना झालंय. ताडकळसचं लग्न तेवढं करतो अन् कॅमेरा ठिवून देतो." डोळ्याच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर तेही नको. डॉक्टरने नजर गेली म्हणून सांगितलं तर, याचीच त्यांना धास्ती. नजरेवर घर चालवलेला माणूस खाली मान घालून जेवत राहिला.

लग्नाच्या दिवशी आम्ही स्टँडवर थांबलो होतो. नामांतराच्या आंदोलनांमुळे तेव्हा एस.टी.चा भरवसा नसायचा, त्यामुळे गर्दीही तोबा. एवढ्यात दादा ओरडले, "ऊठ माय, ताडकळस आली!" गाडी अजून पार कोपऱ्यावर वळत होती. मी पाटी वाचेपर्यंत दादा पिशव्या घेऊन पळालेसुद्धा.

सीटवर टेकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"दादा, कॅमेरा द्या इकडं."

"कायला?"

"एवढ्या लांबची पाटी वाचली तुमी, अन् म्हणता दिसंना?"

मी कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि खिडकीतून बाहेर धरला. लेन्स पार शेवटपर्यंत फिरवली तरी ज्वारीची रानं पुसटच. डोळा बाजूला केला की सगळं स्वच्छ.

"दादा, मलाबी दिसंना झालंय की!" मी एवढ्या मोठ्याने हसले की निम्मी गाडी वळून बघायला लागली. चकतीच्या जाडीमुळे लेन्स बॉडीपासून जराशी लांब गेली होती, म्हणून तिला जवळचं तेवढं धरता येत होतं. दादांनी कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, परत लावला.

"म्हंजे माझे डोळे शाबूत हायत?"

"शाबूत हायत, दादा."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले. मला इतका आनंद झाला की मी पाण्याचा राग विसरून गेले.

पुढे लेथवाल्याने बॉडीच्या आत बसेल अशी चकती कातून दिली आणि जुनी लेन्स लांबचंही बघू लागली. आज माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावरही ती एका चकतीनेच बसते. फोकस तेवढा हाताने करावा लागतो.

त्या दिवशी ताडकळसला मात्र खणातली नवी लेन्स कामी आली. अडीअडचणीला म्हणून मी ती पिशवीत टाकली होती. दादांनी ती मुकाट्याने लावली, अख्खा मांडव नजरेत घेतला आणि बटण दाबायच्या आधी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"बघ माय, तुला बी दिसतंय का."

मी डोळा लावला. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीचं कुंकूसुद्धा स्पष्ट होतं.

"दिसतंय, दादा."

"मग दाब की," दादा म्हणाले.