एररचं डीबग

“हिला बोंबलायचीच सवय. ऊसतोड्याच्या घरची ना. फडावर वरडल्याबिगर ऐकतंय कोण?”

मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमधी, मालकासमोर, आमचे साहेब माझ्याबद्दल असं बोलले. मालक हसला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन फरशीवर बसलेली. खुर्च्या त्या दोघांना.

परभणीत आमची छोटी कंपनी. कापसात ठिणगी पडली की ओळखणारे सेन्सर बसवायची. सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. सेन्सरनं एकदा उत्तर चुकवलं अन् दुसऱ्या खेपेला दिलं, तर मी ती नोंद डीबगमधी टाकायचे. ती जिनिंगमधी कुणाला दिसत न्हाई, दिसायची गरजबी न्हाई. पण सेन्सर बंदच पडला, तर एरर. एरर आला की लाल दिवा.

त्या दिवशी वायर ढिली झालती. दिवा लागला. काम थांबलं. मालक चिडला.

साहेबांनी माझ्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला. एररचं डीबग केलं, म्हंजी सेन्सर बंद पडला तरी दिवा लागणार न्हाई.

“सर, वायर बदलू. असं केलं तर सेन्सर मुका झालेला कळणार कसा?”

“मला शिकवू नको. नोकरी दिली, उपकार समज.”

मालक परत हसला.

संक्रांतीनंतर तिथंच कापसानं पेट घेतला. सेन्सर सकाळपासून बंद. दिवा लागलाच न्हाई. कापूस ओढणाऱ्या शेवंतामावशीचे दोन्ही हात भाजले. आमच्याच राणीसावरगावच्या त्या. दवाखान्यात मला म्हणल्या, “पोरी, तुजं यंत्र बोललं कसं न्हाई गं?”



चौकशीला अधिकारी यायच्या आधी साहेबांनी मला केबिनमधी बोलावलं. “अधिकाऱ्यांना म्हण, ‘चूक माझी.’ नवीन पोरगी म्हणून सोडून देतील.”

अधिकारी आले. मी उभी राहिले.

“यंत्र बोलत होतं. यांनी त्याचं तोंड दाबलं. माझ्यादेखत. मी नको म्हणले होते.”

साहेब वरडले, “माझं खाऊन माझ्यावरच उलटलीस!”

“कामाचा पगार घेतला. तुमचं कायबी खाल्लं न्हाई.”

मी बसले न्हाई.

नोकरी गेली. साहेबांची कंपनी चालूच हाय. शेवंतामावशीची बोटं अजून वळत न्हाईत, भाकरी सून भरवती.

आता दुसरीकडं ड्रायव्हर लिहिते. तिथंबी कुणी ना कुणी म्हणतंच, एवढा एरर डीबगमधी उतरव. मी सगळ्यांसमोर विचारते, “मग भाजणार कोण, तिचं नाव सांगा.”

नाव सांगत न्हाईत तवर मी एक अक्षर हलवत न्हाई.