पानीमा चालणारा भाचा

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. तेव्हा मी लेख लिहायला बसावं हा आगाऊपणाच, माफी असावी. पण हा खुलासा लेखीच करावा लागतोय, कारण तोंडी केलेला कुणी ऐकूनच घेतला नाही : मी पाण्यावर चालत नाही. कधीच चाललेलो नाही!

अमळनेरला कॉलेजात असताना मी शंभर मीटर धावायचो. धुळ्याच्या स्पर्धेसाठी संघात माझी जागा जवळजवळ पक्की होती, आणि तेवढ्यात सरावात एका बकरीला चुकवताना माझा गुडघा मुरगळला. (बकरी सुखरूप होती.) डॉक्टर म्हणाले, "महिनाभर धावायचं नाही. छातीइतक्या पाण्यात चाल. अंगाचा भार पाणी उचलतं, गुडघ्याला हिसका बसत नाही."

खेळाचे सर म्हणाले, "बरा झालास तर जागा तुझीच. महिन्याने यादी लावतो."

गावी येऊन मी मळ्यातल्या हौदात उतरलो. दहा पावलं जायचं, वळायचं, दहा पावलं यायचं. पहिल्याच दिवशी वडील, म्हणजे नाना, कपाशीतून आले.

"काय हरपनं रे हौदमा?"

"काही नाही नाना, चालतोय."

"मंग रस्ता काय कोन्ही चोरी लई गया का?"

नानांच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मात्र भारी कौतुक! नरडाण्याच्या बाजारात ती दिसेल त्याला सांगत सुटली, "मना भाचा रोज तासभर पानीमा चालस!" पानीमा म्हणजे पाण्यात. पण बाजारातून निघालेली बातमी दोन गावं ओलांडेपर्यंत 'पानीमा'चं 'पानीवर' झालं.

तिसऱ्या आठवड्यात हौदाच्या काठावर पंधरा माणसं! एका आजोबांनी तर नारळ आणलेला.

"चाल ना, भाऊ."

"चालतोच आहे, बाबा."

"हाई तं म्हैस बी चालस! वर चाल, वर!"

मी काकुळतीने अक्काकडे पाहिलं. "अक्का, सांग ना यांना! मी पाण्यात चालतो, पाण्यावर नाही!"

"मा काय नि वर काय! इतला लोके येल शेतस, दोन पावलं तरी वर चाल!" (एवढे लोक आलेत, हाच तिचा मुद्दा.)

आजोबांनी नारळ फोडला आणि माझा धीर सुटला. हौदाबाहेर उडी मारून ओल्या चड्डीनिशी जो पळालो, तो बांधावरच्या बाभळीपर्यंत! मागे पंधरा माणसं, नारळाची दोन शकलं, आणि सगळ्यांच्या पुढे अक्का. हौदापासून बाभळीपर्यंत शंभर मीटर तरी अंतर असेल. बाभळीखाली धापा टाकताना ध्यानात आलं, की गुडघा दुखलाच नाही! (अक्का दुसरी आली.)

आता जागा आपलीच, म्हणून मी यादीची वाट पाहत बसलो. महिना भरला त्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने सरांची चिठ्ठी आणून दिली :

"पाण्यातला तुझा पराक्रम इथपर्यंत ऐकू आला. शंभर मीटरला दुसरा मुलगा घेतला आहे. तुझं नाव पोहण्याच्या संघात घातलं आहे. ताबडतोब ये."

अहो, मला पोहता आलं असतं, तर मी पाण्यात चाललो असतो कशाला!