काकूंची नात आणि बोट

बोलण्याआधी काकू तळहात टेबलावर ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. मग म्हणायच्या, "आता ऐक." हे दोन शब्द आले की समोरच्यानं हातातलं काम बाजूला सारायचं, हे मला पहिल्याच भेटीत कळलं. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्यांचा आवाज कधी चढत नाही आणि ज्यांच्यापुढे कुणाचं काही चालतही नाही.

श्रीरामपूरला माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. काकू बेलापूरच्या. ऊस, गाई, दोन मुलगे, दोन सुना, धाकट्याची दोन पोरं, असं भरलं घर. काकू आणि आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून धाकट्यानं सगळ्या घराला मोठ्या बोटीची सहल घडवायची ठरवलं. मुंबईहून निघायचं, परदेशातलं एक बंदर बघायचं आणि परत. तो हौसेनं माझ्याकडे आला आणि सगळ्यांची नावं सांगून गेला. एक नाव मात्र त्यानं घेतलं नाही.

थोरल्याला मूल नव्हतं. बरीच वर्षं वाट पाहून नवरा-बायकोनं नुकतीच एक मुलगी दत्तक घेतली होती, हे मी ऐकून होते. तिचं काय, असं मी विचारलं.

"तिचा पासपोर्ट येळंत होत न्हाई मॅडम. दत्तकाचे कागद लई किचकट असत्यात. राहील चार दिवस वहिनीच्या आईकडं."

माणूस वाईट नव्हता. घाईत होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. तळहात टेबलावर.

"आता ऐक. लग्न कुनाचं?"

"तुमचं."

"मंग वरातीत कोन येनार, ते कुनी ठरवायचं?"

"तुम्ही."

"माझी नात येनार हाय. लिव्ह तिचं नाव."

मी समजावून सांगितलं. काकू, मांडीवरच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. दत्तकाचा आदेश कलेक्टर कचेरीतून आला आहे, पण जन्मदाखला अजून नव्या आईबापांच्या नावानं झालेला नाही. तो झाला की मग पासपोर्ट.

"मंग तो करू," काकू म्हणाल्या. जणू लोणचंच घालायचं होतं.

दाखल्यासाठी थोरल्या सूनबाई बाळाला घेऊन जन्मनोंदणीच्या ऑफिसात निघाल्या, तेव्हा काकूही निघाल्या आणि मलाही ओढून नेलं. खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटेपालटे केले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "म्हणजे पोटची नाही ना?"

सूनबाईंनी मान खाली घातली. काकू पुढे झाल्या.

"पोटची न्हाई, घरची हाय. दाखला घरच्यांच्या नावानंच मिळल ना?"

"साहेब रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या."

काकूंनी व्हरांड्यात गोधडी अंथरली, त्यावर बाळाला निजवलं आणि शेजारी बसून भाकरीचं फडकं सोडलं. "साहेब यीस्तवर आमी हितंच हाय," त्यांनी कारकुनाला सांगितलं आणि त्यालाही भाकरी विचारली. थोड्या वेळानं बाळानं सूर लावला. पोरगी अंगानं किरकोळ, पण आवाज असा की आतले पंखेसुद्धा ऐकू येईनात. सहीचा चार्ज दुसऱ्या साहेबांकडे आहे, हे दुपारी त्या ऑफिसला एकदम आठवलं.

परतताना सूनबाई बाळाला घेऊन गाडीत मागे झोपून गेल्या. काकू माझ्या शेजारी होत्या. बाहेरचा ऊस बघत होत्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिला म्या लई कार्यात मागं बसवलं बघ. वटी भरायची येळ आली की म्हनायचं, तू जरा आत जा, दुधाचं बघ. दूध काय उतू जात न्हवतं. ती गपगुमान जायची. कधी एका शब्दानं बोलली न्हाई." पदरानं त्यांनी उगाच काच पुसली. "आता तिची पोर मागं बसनार न्हाई. म्या जित्ती हाय तवर तरी न्हाई."

मग फोटो. पासपोर्टच्या फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं आणि मागे पांढरं. काकूंनी पांढरी चादर धरली. फोटोग्राफर खुळखुळा वाजवी, तशी पोरगी खदखदा हसे. खुळखुळा थांबला की डोळे मिटून घेई. तो बिचारा घामाघूम झाला.

"आजी, तिला जरा गप्प करा की."

"माझ्या घरात यीस्तवर हसली न्हवती ती. म्या कशी गप्प करू? तू दम धर."

त्यानं धरला. शेवटी पोरगीच त्याच्याकडे टक लावून बघत बसली, आणि फोटो झाला.

एवढं करूनही पासपोर्ट वेळेत आला नाही. बोटीच्या प्रवाशांची नावं पक्की करायची वेळ आली. घरातली मोठी माणसं माझ्या ऑफिसात जमली. धाकटा वैतागला होता. "आई, आता हट्ट पुरे. चार दिवसांचा तर सवाल हाय. पोरीला काय कळतंय?"

"तिला न्हाई कळत. तिच्या आईला कळतंय," काकू म्हणाल्या. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "तुमी खुशाल जावा. नवरदेव हाय, ल्योक हायेत, वाजंत्री बी न्या संगं. नवरी तेवढी घरी राहील."

थोरला आजवर भावापुढे कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "मग आम्ही दोघंबी न्हाई येत."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "पुढची बोट कवा हाय?" त्यांनी मला विचारलं.

धाकटा खुर्ची मागे लोटून निघून गेला.

पासपोर्ट पुढच्या बोटीच्या आधी आला. धाकटाही आला, पण मुंबईपर्यंत आईशी बोलला नाही. या मंडळींबरोबर मीही गेले होते. डेकवर काकू नातीला कडेवर घेऊन कठड्यापाशी उभ्या होत्या. नऊवारी वाऱ्यानं फडफडत होती, आणि त्या नातीला समुद्र असा दाखवत होत्या, जसं काही आपलंच शेत. पुण्याकडची एक बाई जवळ येऊन कौतुकानं न्याहाळू लागली.

"गोड आहे हो नात. कोणावर गेलीय?"

सूनबाई शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा उतरला. काकूंनी क्षणभरही वेळ लावला नाही.

"कुनावर गेली न्हाई. आमच्याकडं आलीय."

ती बाई मनापासून हसली. मग सूनबाईही हसल्या, अगदी मोठ्यानं. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मागे आरामखुर्चीत बसलेल्या धाकट्यानं मान वळवून समुद्राकडे पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच.

दशक्रियेला मी प्रवरेच्या घाटावर गेले होते. थोरल्याचा विधी झाला आणि घरची माणसं एकेक करून पाणी द्यायला पुढे येऊ लागली. पोरगी आता चांगली बोलते, पळते. ती आईचा हात सोडून पुढे निघाली, तसं भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तिला अडवलं. "ऱ्हाऊ दे तिला. सख्ख्या नातवंडांचं होऊ द्या आधी."

सूनबाई जागच्या जागी थांबल्या. माझी नजर आपोआप काकूंना शोधू लागली.

गर्दीतून धाकटा आला. त्यानं पुतणीला उचलून घेतलं.

"सख्खीच हाय. सरका," तो म्हणाला, आणि म्हातारा बाजूला होईपर्यंत तिथून हलला नाही.

पायऱ्या उतरून तो पाण्यात शिरला आणि तिची ओंजळ आपल्या हातात धरून भरली. तिनं ती सोडली. निम्मं पाणी नदीत गेलं, निम्मं त्याच्या शर्टावर. तिला गंमत वाटली. तिनं पुन्हा ओंजळ पुढे केली, आणि त्यानं ती पुन्हा भरून दिली.