रोज नवी प्रस्तावना

एम.ए.च्या निबंधासाठी मी सोलापुरात वाचनालयात बसायचो, तेव्हा समोर मंद्रूपहून येणाऱ्या एक शिक्षिका असायच्या. नाव कधी विचारलं नाही. त्यांचाही तसलाच निबंध चालला होता. पिशवी मांडीवर ठेवून, एसटीची वेळ होईपर्यंत त्या मान खाली घालून लिहीत राहायच्या. मी मात्र मुद्दे, उपमुद्दे आणि तांबड्या शाईच्या चौकटींत रमलेला.

निबंध द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्या कागदांकडे कौतुकानं पाहिलं.

“तुमची प्रस्तावना लई चांगली झाली असंल, सर. रोज नवी लिवता की!”

मी विद्वानासारखी मान डोलावली. त्या गेल्यावर मात्र तडक समारोपच लिहायला घेतला; म्हणजे आधी त्याची चौकट आखली.